ऑरिन स्कोगेनची निवृत्ती

लुंडक्विस्ट म्हाताऱ्याने शिड्यांचा कारखाना आम्हा कामगारांनाच विकला आणि विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात मालकांचा सुळसुळाट झाला. मीही एक मालक. पॅकिंगमध्ये खोकी बांधणारा. पगारावर नफ्यातला वाटा, खात्यात दरवर्षी थोडे शेअर, आणि बदल्यात एकच अपेक्षा: मालकासारखा विचार करा. आमचा व्यवस्थापक क्रेग टीडमान हे प्रत्येक सभेत सांगायचा.

आम्ही इतका मनापासून विचार केला की फुकटची कॉफी आम्हीच हात वर करून बंद केली. कुणी हातमोजे जरा लवकर बदलले, की शेजारचा विचारायचा, माझ्या पैशातले ना? लुंडक्विस्टने असं कधी विचारलं नव्हतं. बिचारा एकटा मालक, त्याला एवढा वेळ कुठून मिळणार?

मग ऑरिन स्कोगेनने निवृत्त व्हायचं ठरवलं. ऑरिन वेल्डर. उभा जन्म शिड्या जोडण्यात गेला आणि त्यात गुडघेही गेले. निवृत्त होणाऱ्याचे शेअर कंपनीने नफ्यातून विकत घ्यायचे असा नियम, आणि सगळ्यात जुना म्हणून सगळ्यात जास्त शेअर ऑरिनचे. म्हणजे यंदाचा आमचा वाटा तोच घेऊन जाणार, हे जेवणाच्या सुट्टीतच सगळ्यांना कळून चुकलं.

तेव्हापासून आमचं प्रेम उतू जायला लागलं. रंगकामातल्या लव्हॉनने त्याच्यासाठी घरून उंच स्टूल आणलं. त्याच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ कुणीतरी रोज खरवडून ठेवी. क्रेगने बसून करायचं काम देऊ केलं. इतक्या वर्षांत ऑरिन एवढा लाडका कधीच नव्हता.

शुक्रवारी आम्ही बारमध्ये तळलेला मासा खायला बसलो होतो, तेव्हा त्याचा जुना दोस्त ड्वेन याने विषय काढला.

"अजून दोन वर्षं काढ की. तुझ्याशिवाय करमायचं नाही रे."

"माझ्याशिवाय, की माझ्या शेअरशिवाय?"

ड्वेनने माशावर लिंबू पिळलं. "यंदा पोरीचं लग्न आहे माझ्या."

"हे आधी बोलला असतास तर बरं वाटलं असतं," ऑरिन म्हणाला. "पण गुडघे माझे आहेत, ड्वेन. त्यात कुणाचा वाटा नाही."

तो गेला. निरोपाच्या केकवर मतदान झालं आणि केक पडला. त्या वर्षी वाटा शून्य; क्रेगने त्याला माणसांमधली गुंतवणूक म्हटलं. ड्वेनच्या पोरीचं लग्न चर्चच्या तळघरात झालं, जेवण नातेवाइकांनी घरून करून आणलं. ऑरिनला बोलावणं होतं, पण ड्वेन त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही.

तळ्यावरचा बर्फ वितळल्यावर मात्र ड्वेन आपणहून धक्क्यावर आला. ऑरिनने काही न विचारता होडीत सरकून जागा दिली. तिसरा मी होतो. बराच वेळ गळ टाकून बसल्यावर ड्वेन म्हणाला, "माझीही कंबर आता साथ देत नाही. यंदा सोडावं म्हणतो."

"क्रेगला सांगितलंस?"

"नाही अजून. आणि तुम्हीही कुठे बोलू नका. सगळे माझ्याशी चांगलं वागायला लागतील."