अकरा नंबरचं नाव

"बेन, आज माझी सुई राहिली की!"

बारा नंबरच्या खाटेवरून आवाज आला तेव्हा राजनंदिनीच्या ट्रेमध्ये इन्शुलिनची रिकामी सिरिंज पडलेली होती. चौदा युनिट. दोन मिनिटांपूर्वीच तिनं ती अकरा नंबरच्या पेशंटच्या दंडात टोचली होती. आणि सुई राहिली म्हणणारे आजोबा बाही वर करून बसले होते. गेले तीन दिवस रोज सकाळी ज्या दंडाला ती टोचत आली, तो हा दंड होता. उजवीकडे मोठा तीळ असलेला.

मग अकरावर कोण होतं?

अकरावर भास्करराव तांबे होते. रेल्वेतून निवृत्त झालेले, ताप उतरेना म्हणून परवा दाखल झालेले. मधुमेहाचा त्यांच्याशी काडीचा संबंध नव्हता. झालं होतं असं, की अकराच्या बरोबर डोक्यावर पंखा. मधुमेहवाल्या आजोबांना वारा सोसेना आणि तांब्यांना उकडत होतं. दोघे मराठी, दोघे म्हातारे, दोघांनाही कुणाला न विचारता व्यवस्था करायची हौस. सकाळी दात घासून आल्यावर त्यांनी आपल्या उशा उचलल्या आणि खाटा बदलल्या. फायली मात्र जागच्या जागी लटकत राहिल्या.

वॉर्डच्या दारात चहाची गाडी खडखडत आली होती. राजनंदिनीच्या मनात काय आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. तिच्या मनात आलं, की भास्कररावांना दोन कप गोड चहा पाजावा, चार बिस्किटं द्यावीत, आणि गप्प राहावं. कुणी पाहिलेलं नाही. पारुलबेन सिस्टर तिकडे तीन नंबरचं सलाइन बघत होत्या. सिरिंज टाकून दिली की संपलं. नर्सिंगचं तिसरं वर्ष, परीक्षेला चार महिने उरलेले, आणि वय एक्केचाळीस. वर्गातल्या मुली तिला मावशी म्हणत. मावशी चुकली, हे ऐकायला अर्धं जग टपलेलं आहे असं तिला नेहमी वाटे.

मग तिची नजर अकराच्या पायथ्याशी लावलेल्या पाटीवर गेली. त्यावर मधुमेहवाल्या जाधव आजोबांचंच नाव होतं, पण भास्कररावांनी स्वतःची पाटीही उचलून आणून शेजारी टांगली होती. त्या पाटीवर लाल अक्षरात लिहिलं होतं: उपाशी. सोनोग्राफी दहा वाजता.

म्हणजे या माणसानं काल रात्रीपासून काहीही खाल्लेलं नाही.

ती जवळजवळ धावतच पारुलबेनकडे गेली. "सिस्टर, मी चुकीच्या पेशंटला इन्शुलिन दिलं."

पारुलबेनच्या हातातलं सलाइनचं चाक तिथंच थांबलं. "केटला?" घाईत त्या गुजरातीवर आल्या.

"चौदा युनिट. रेग्युलर."

"क्यारे?"

"आठ दहाला. अकराच्या खाटेवर. ते उपाशी आहेत."

पारुलबेन ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एका मुलीला डॉक्टरांकडे पिटाळलं, दुसरीला ग्लुकोज आणायला सांगितलं आणि साखर मोजायचं यंत्र राजनंदिनीच्या हातात कोंबलं. "तूच मोज. दर पंधरा मिनिटांनी. खाटेपासून हलायचं नाही." त्यांचं बालपण दांडियाबाजारच्या मराठी वस्तीत गेलेलं, त्यामुळे मराठी त्यांना चांगली येई. रागावल्यावर तर जास्तच चांगली.

पहिला आकडा अठ्ठ्याण्णव. त्यानंतर एक्क्याऐंशी. डॉक्टर आले, त्यांनी सोनोग्राफी रद्द केली, साखरेचं पाणी पाजायला सांगितलं आणि शीर मोकळी राहावी म्हणून हाताला सुई लावून ठेवली. पावणेनऊला आकडा एकसष्टवर आला. भास्कररावांच्या कपाळावर घाम जमला आणि त्यांची बोटं चादरीवर थरथरू लागली. डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. त्या क्षणी राजनंदिनीला परीक्षा आठवली नाही, वर्ष आठवलं नाही. हा माणूस मरू नये, एवढंच ती मागत होती, आणि कुणाकडे मागतेय हेही तिला कळत नव्हतं.

सव्वानऊला एकशे चार. तिनं इतक्या वेळात प्रथमच खाटेच्या कडेला हात टेकला.

भास्कररावांना तरतरी आली. "काय बाई, आज माझे एवढे लाड? डॉक्टर काय, साखर काय!"

"काका, तुम्हाला दुसऱ्यांचं औषध दिलं गेलं," राजनंदिनी म्हणाली. "मी दिलं. चूक माझी आहे."

"आँ? कुणाचं औषध?"

राजनंदिनीनं तोंड उघडलं. आणि मिटलं. मग तिनं बोट बाराच्या खाटेकडे केलं. "त्यांचं."

इथं मेख होती, आणि ती कुणाला सांगितली तर हसू येईल अशी होती. बाराच्या आजोबांचं नाव होतं तुकोजीराव जाधव. राजनंदिनीच्या सासऱ्यांचंही नाव तुकोजीराव, आडनाव तेवढं शिर्के. आणि शिर्क्यांच्या घरात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. सासऱ्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. पागा गेली, संस्थान गेलं, मांजलपूरच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर तीन खोल्या राहिल्या, पण ही रीत मात्र घरानं जपून ठेवली. एकवीस वर्षं राजनंदिनीनं ते नाव उच्चारलं नव्हतं. फॉर्मवर लिहायला हरकत नसे. बोलायची वेळ आली की ती "आमचे आबासाहेब" म्हणे आणि निभावून नेई.

वॉर्डातही तिनं तसंच निभावलं होतं. नियम साधा होता: औषध देण्याआधी पेशंटला पूर्ण नाव विचारायचं, आपण मोठ्यानं म्हणायचं, फायलीशी आणि मनगटाच्या पट्टीशी ताडायचं. बाकी सगळ्यांना ती विचारत असे. या एका खाटेपाशी मात्र ती नुसतंच "आबासाहेब, बरं आहे ना?" म्हणून दंड पुढे करायला सांगत असे. त्या सकाळी तिनं खाली मान घालून फाइल पुढे धरली, नावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "आबासाहेब, हे तुमचंच ना?" चष्मा उशीखाली असलेले भास्करराव म्हणाले, "हो हो, माझंच." खाजते म्हणून त्यांनी मनगटाची पट्टी कालच कापून टाकली होती. आणि चेहऱ्याकडे तिनं पाहिलं नव्हतं. त्या नावापुढे मान वर करायची तिला सवयच नव्हती.

दुपारी पारुलबेननी घडल्या प्रकाराचा कागद तिच्यापुढे सरकवला. पेशंटचं नाव, औषध, वेळ, तिनं सगळं सुवाच्य लिहिलं. नाव लिहिताना हात अजिबात अडखळला नाही. "कारण" या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं.

"लिही ना," पारुलबेन म्हणाल्या. "नाव का नाही विचारलं? तू तर वर्गात सगळ्यात चोख. या पोरी मोबाइलमध्ये डोकं घालून चालतात, त्यांच्याकडून झालं असतं तर मला नवल नव्हतं."

राजनंदिनीनं सांगितलं. सांगताना तिला इतकी लाज वाटली की कान तापले.

पारुलबेननी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मारा घरमांय नथी लेता, आमच्याही घरात नाही घेत," त्या म्हणाल्या. "माझ्या सासूनं तर कधी मिठाईच्या दुकानाचंही नाव घेतलं नाही, दुकान सासऱ्यांच्या नावाचं म्हणून. पण राजनंदिनी, घर घरी ठेवून यायचं. इथं ज्याचं नाव घेतलं नाहीस, तो मरतो."

प्राचार्यांनी निकाल दिला. सोमवारी सकाळी औषधफेरी पुन्हा, पारुलबेन शेजारी उभ्या राहणार. प्रत्येक नाव मोठ्यानं. एक जरी चुकलं, तरी हे वर्ष परत.

घरी तिनं फक्त नवऱ्याला सांगितलं. उदयसिंहराव एका केमिकल कारखान्यात सुपरवायझर होते, माणूस सरळ. "एवढ्यासाठी?" ते म्हणाले. "अगं, नाव घेतलं असतंस तर काय आभाळ कोसळलं असतं?"

राजनंदिनीला जुनी गोष्ट आठवली. त्यांची मुलगी अवंती पाच वर्षांची असताना "आजोबांचं नाव काय?" म्हणून आईच्या मागे लागली होती, तेव्हा "आईला विचारायचं नसतं, मला विचार" असं सांगणारे हेच. पण तिनं तो विषय काढला नाही. तिला भांडायला ताकद नव्हती.

"आणि आबासाहेबांना सांगू नकोस," ते म्हणाले. "उगाच मनाला लागेल त्यांच्या."

रविवारी जेवताना उदयसिंहरावांनी वातावरण हलकं करायला म्हणून घरातली जुनी गंमत काढली. बारा वर्षांपूर्वी आबासाहेब सुभानपुऱ्यात रस्त्यात चक्कर येऊन पडले. सासूबाईंनी, म्हणजे आईसाहेबांनी, एकटीनं रिक्षातून दवाखाना गाठला. केसपेपरच्या खिडकीत माणूस विचारतोय, पेशंटचं नाव? आणि आईसाहेब गप्प. मागे रांग वाढतेय, माणूस खेकसतोय, आईसाहेब डोक्यावरचा पदर सावरतायत आणि गप्प. शेवटी शेजारचे जयवंतराव धावत आले, तेव्हा नाव लागलं. हा किस्सा प्रत्येक लग्नाकार्यात सांगितला जाई आणि दर वेळी आईसाहेब लाजून हसत. त्या आताही हसल्या.

"किती वेळ गेला होता त्यात?" राजनंदिनीनं विचारलं.

"कशात?"

"जयवंतराव येईपर्यंत."

कुणी कधी मोजलं नव्हतं. आईसाहेबांचं हसू विरलं. त्यांनी ताटात भात कालवायला घेतला आणि तो कालवतच राहिल्या.

संध्याकाळी राजनंदिनी बाथरूममध्ये शिरली, नळ सोडला आणि आरशासमोर उभी राहिली. "तु," ती म्हणाली. पुढे येईना. तिला वाटलं, आपण किती मूर्ख आहोत. आणि तरीही येईना. तिला रडू फुटलं, तेव्हा बाहेरून आईसाहेबांनी दार वाजवलं. "कुणाशी बोलतेस गं आत?"

"कुणाशी नाही, आईसाहेब."

सोमवारी आठला ट्रे घेऊन ती वॉर्डात आली. पारुलबेन एक पाऊल मागे. दारात प्राचार्याही येऊन उभ्या होत्या, त्या येतील असं कुणी सांगितलं नव्हतं. एक, दोन, तीन नंबर. नावं खणखणीत. अकरावर भास्करराव ताठ बसून वाट बघत होते. "आधी माझं नाव विचारा बुवा!" ते ओरडले आणि आजूबाजूचे हसले. राजनंदिनीला हसू आलं नाही. तिनं नाव विचारलं, म्हटलं, ताडलं, तापाची गोळी दिली.

मग बारा.

"आपलं पूर्ण नाव सांगा."

जाधव आजोबांनी ते सांगितलं, हळू आवाजात. आता तिनं म्हणायचं होतं. तिचा उजवा हात आपोआप डोक्याकडे गेला, पदर ओढायला. गणवेशाच्या कुडत्याला पदर नव्हता, हाताला नुसती केसांची पिन लागली. पारुलबेननी हे पाहिलं.

राजनंदिनीनं हात खाली घेतला आणि या वेळी मान वर केली. समोर एक अशक्त, दाढी वाढलेला माणूस होता, त्याला सुई हवी होती.

"तुकोजीराव जाधव," ती म्हणाली. आवाज फाटला. तिनं पुन्हा म्हटलं, शेवटच्या खाटेपर्यंत जाईल असं. "तुकोजीराव जाधव. वय बहात्तर. इन्शुलिन, चौदा युनिट."

"बरोबर," आजोबा म्हणाले आणि त्यांनी दंड पुढे केला.

संध्याकाळी घरी आबासाहेब नेहमीप्रमाणे खुर्चीत बसले होते. सात वाजता ब्लडप्रेशरची गोळी आणि पाण्याचा पेला त्यांना राजनंदिनी देई. तिनं गोळी तळहातावर ठेवली, पण पुढे केली नाही.

"आबासाहेब, मी आज वॉर्डात तुमचं नाव घेतलं. मोठ्यानं."

उदयसिंहरावांनी वर्तमानपत्र खाली केलं. स्वयंपाकघरात पोळ्या लाटण्याचा आवाज चालू होता. राजनंदिनीनं सगळं सांगितलं, शुक्रवारपासून. आकडेसुद्धा सांगितले, अठ्ठ्याण्णव, एक्क्याऐंशी, एकसष्ट. लाटण्याचा आवाज कधी थांबला ते तिच्या लक्षात आलं नाही.

"तो माणूस वाचला ना?" आबासाहेबांनी विचारलं.

"वाचला. उद्या घरी जातोय."

आबासाहेब खिडकीकडे बघत बसले. त्यांच्या जबड्याचं हाड हलत होतं. त्यांना लागलं होतं, ते दिसत होतं. लागलं नाही असा आव त्यांनी आणला नाही. मग त्यांनी गोळीसाठी हात पुढे केला, आणि मध्येच मनगट उताणं केलं, पट्टी दाखवावी तसं.

"विचारा मग," ते म्हणाले. "न विचारता कशी देता?"

"आपलं... आपलं पूर्ण नाव सांगा."

"तुकोजीराव प्रतापसिंह शिर्के."

"तुकोजीराव प्रतापसिंह शिर्के," राजनंदिनी म्हणाली आणि तिनं गोळी त्यांच्या हातावर ठेवली.

त्यांनी गोळी गिळली, पाणी प्यायले. पेला परत घेऊन ती वळली, तेव्हा तिला आईसाहेब दिसल्या. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या, हाताला पीठ, डोक्यावर पदर. त्या आबासाहेबांकडे बघत होत्या. त्यांचे ओठ हलले. एकदा, मग पुन्हा एकदा, नावाच्या लांबीएवढे.

आवाज आला नाही. थोड्या वेळानं त्यांनी पिठाच्या हातानं पदर सावरला आणि त्या तव्याकडे परतल्या.