चार प्रश्नांचा पाढा

सामन्याआधी बूट बांधून झाले की सर खेळाडूंकडून पाढा म्हणून घेत. इतर संघांचे प्रशिक्षक फळ्यावर बाण काढतात, छाती बडवून भाषणं ठोकतात. सर फक्त चार प्रश्न विचारायचे. मैदान कुठलं? हाफ कितवा? शेवटचा गोल कुणाचा? गेला सामना कुणाशी? डोक्याला मार बसला की डॉक्टर धावत येऊन हेच चार प्रश्न विचारतात आणि एक उत्तर चुकलं तरी खेळाडूला बाहेर काढतात. म्हणून पहिलं आणि चौथं उत्तर आधीच घोटून ठेवायचं, मधली दोन खेळता खेळता मनात म्हणत राहायचं. ही शक्कल सरांची आणि त्यांच्या दोस्ताची, गोलीची, तीस वर्षांपूर्वीची.

तेव्हा सर म्हणजे नुसता मुंडी होता. स्ट्रायकर असा, की चेंडू पायाशी आला तर पंचाईत आणि डोक्यावर आला तर गोल. एकशे चाळीस गोल मारले पठ्ठ्यानं, त्यातले नव्वदच्या वर डोक्यानं. कधी खांबावर आपटायचा, कधी कुणाच्या कोपरावर. डॉक्टर त्याच्यावर वाकले की संघाचा गोलकीपर, म्हणजे गोली, धावत येऊन त्यांच्या पाठीमागे उभा राहायचा. मैदान घरचं असेल तर मूठ, परकं असेल तर पंजा. बाकीची उत्तरंही अशीच बोटांवर. मुंडी ती बघून धडाधड सांगायचा, उठायचा आणि पुढच्या चेंडूला पुन्हा डोकं घालायचा. परतीच्या बसमध्ये दोघं हसून हसून बेजार व्हायचे. डॉक्टरला शेंडी लावली म्हणून हसायचे. शेंडी नक्की कुणाला लागत होती, हे कळायचं वय नव्हतं, आणि कळलं असतं तरी थांबले नसते.

गुडघे गेल्यावर मुंडीचे सर झाले आणि गोली त्यांचा मदतनीस. महिन्यापूर्वी वहिनींचा फोन आला होता. "भावजी, परवा हे सरावाहून निघाले ते जुन्या घरी जाऊन बेल वाजवत बसले. अठरा वर्षं झाली ते घर सोडून. क्लबला कळलं तर उद्याच नारळ देतील. हंगाम संपेपर्यंत सांभाळा, मग मी यांना दवाखान्यात नेते."

गोलीनं शब्द दिला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूतही घातली. तेव्हापासून संघाची यादी तोच लिहीत होता, बसमध्ये सरांना खिडकीकडे बसवून वाटेकडची जागा स्वतः धरत होता. रोज सकाळी मैदानाचं फाटक उघडलं की सर येईपर्यंत तो रस्त्याकडे बघत उभा राहायचा.

आज हंगामातला शेवटचा सामना होता. बरोबरी झाली तरी क्लब पहिल्या विभागात टिकणार होता, हरला तर खाली जाणार होता. बूट बांधून झाले. सरांनी पाढा सुरू केला.

"गेला सामना कुणाशी?"

"बंदर," सगळे म्हणाले. बंदरवाल्यांशी आठवड्यापूर्वीच तर खेळले होते.

"रेल्वे," सर म्हणाले. "गेल्या आठवड्यात रेल्वेशी खेळलो आपण. डोकी ठिकाणावर आहेत का तुमची?"

रेल्वेचा सामना होऊन दोन महिने झाले होते. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. संघाचा स्ट्रायकर, ज्याला सगळे जिराफ म्हणत, सरांचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य मानायचा. त्यानं मान डोलावली. "रेल्वे, सर." मग बाकीचेही रेल्वे म्हणाले. गोली कोपऱ्यात चेंडूंत हवा भरत होता. त्यानं पंप मारणं थांबवलं नाही.

सत्तराव्या मिनिटाला एक-एक अशी बरोबरी होती. कॉर्नरला जिराफ उंच उडाला आणि समोरच्या गोलकीपरची मूठ चेंडूऐवजी त्याच्या कानावर बसली. आवाज बाकापर्यंत आला. नव्या डॉक्टरबाई धावल्या. त्यांचा क्लबमधला हा पहिलाच दिवस. जिराफला रेषेबाहेर आणून त्यांनी गवतावर बसवलं.

जिराफ प्रश्न संपायच्या आत उत्तरं देत होता. "घरचं. दुसरा. माझाच. रेल्वे." डोळे मात्र बाईंकडे नव्हते, कुठेच नव्हते.

"सर, गेला सामना बंदरशी होता ना?" बाईंनी विचारलं. "मी तसं ऐकलं होतं."

"रेल्वेशी. आमचे सामने आम्हाला माहीत."

गोली सरांकडे बघत राहिला. मुंडी खोटं बोलला की त्याची डावी भुवई उडते, हे त्याला तीस वर्षं माहीत होतं. आज भुवई जागची हलली नाही. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं, असं गोलीच्या मनात आलं.

बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

बंदर म्हणायला किती वेळ लागतो? पण बाकावर क्लबचे अध्यक्ष बसले होते, बाजूला सर उभे होते, आणि वहिनींना शब्द दिला होता.

"सर म्हणतात तर रेल्वेच," गोली म्हणाला.

जिराफ पुन्हा मैदानात गेला. चार मिनिटांनी, चेंडू दुसऱ्या टोकाला असताना, तो आपल्याच गोलकडे चालत निघाला आणि कुणी हात न लावता तोंडावर पडला.

हॉस्पिटलच्या बोळात जिराफची आई त्याचे बूट मांडीवर घेऊन बसली होती. बुटांचा चिखल साडीला लागत होता, तिला पत्ता नव्हता. मेंदूत रक्त साकळलंय, डोकं उघडावं लागेल, एवढंच तिला सांगितलं होतं. दोन तास झाले तरी आतून कुणी बाहेर आलं नव्हतं.

डॉक्टरबाई फोन ठेवून आल्या. "क्लबच्या मॅनेजरना विचारलं मी. बंदर होतं. सर, तुम्ही मला खोटं का सांगितलंत?"

"खोटं कसलं? रेल्वेच होती," सर म्हणाले. "याला विचारा."

बाईंनी गोलीला विचारलं नाही. त्या सरांकडे बघत राहिल्या, मग खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसल्या. आवाजातला राग गेला होता, आणि गोलीला तेच जास्त भयंकर वाटलं.

"सर, आज आपण कुठल्या मैदानावर खेळलो?"

सरांची नजर हळूहळू बाईंच्या खांद्यावरून पलीकडे गेली. तिथे गोली उभा होता, तीस वर्षांपूर्वी जिथे उभा राहायचा तिथेच. त्याच्या उजव्या हाताची बोटं आपोआप मिटत होती. जिराफची आई त्याच्या हाताकडे बघत होती.

गोलीनं दोन्ही हात खिशात घातले.

सर थांबले. वाट बघत थोडे पुढे वाकले.

"गोल्या, हात वर घे की," ते हळूच म्हणाले. "दिसत नाहीत मला."