सहाची गाडी

“आजपासून या जिल्ह्यात एकही मिनिट जनतेपासून लपून राहणार नाही,” असं एसटीच्या मोठ्या साहेबांनी जिल्ह्याच्या मुख्यालयात, ओरोसच्या सभागृहात जाहीर केलं. कार्यक्रम सव्वा तास उशिरा सुरू झाला होता.

तिसऱ्या रांगेत भिकाजी परब कौतुकाने ऐकत होते. तालुक्याच्या स्टँडावर गाड्या सुटायच्या वेळा वहीत नोंदवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली होती. निवृत्तीला चार महिने उरले होते. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा उमटला. वेळेवर सुटणारी गाडी हिरवी, उशिरा सुटणारी लाल, आणि हे सगळं मोबाईलवर कुणालाही दिसणार, असं अक्षया नावाच्या इंजिनीयर मुलीने समजावलं. मग तिने जिल्ह्यातली सर्वांत बेशिस्त गाडी दाखवली. गाड्यांत बसवलेल्या जीपीएसनुसार ती वर्षभरात एकदाही वेळेवर सुटलेली नव्हती.

भिकाजींचा बटाटावडा तोंडाशी येऊन थांबला. ती त्यांची संध्याकाळची सहाची गाडी होती.

स्टँडामागच्या काजूच्या कारखान्यात सहाला सुट्टी होते. बाया हातांना लागलेलं काजूच्या टरफलांचं काळं तेल राखेने चोळून काढतात आणि मगच निघतात. तसल्या हातांनी घरी जाऊन भात कोण वाढणार? म्हणून गाडी रोज सव्वासहाला सुटते. ड्रायव्हरला मेमो मिळू नये म्हणून भिकाजी वहीत ‘६.००’ लिहितात. अक्षर अगदी मोत्यासारखं.

साहेबांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, उद्यापासून सहा म्हणजे सहा. त्यानंतर बायांच्या गावाला गाडीच नव्हती. बायांना नऊ किलोमीटर चालत जावं लागलं असतं. भिकाजी चाचरत उठले आणि गाडी सव्वासहाची करण्याची विनंती त्यांनी केली.

साहेब हसले. अशी मागणी आठ वर्षांपूर्वीही आली होती म्हणाले. अक्षयाने लॅपटॉपमध्ये शोधून अर्ज पडद्यावर लावला. अर्जदार रुक्मिणी, काजू कामगार. खाली शेरा होता: ‘नोंदवहीनुसार गाडी रोज सहालाच भरून सुटते. मागणी निराधार.’ पुरावा म्हणून भिकाजींच्या वहीचं पान जोडलं होतं.

या अर्जाचं काहीच झालं नाही म्हणून रुक्मिणीच्या बरोबरीने भिकाजींनीही ओरोसच्या लोकांना आठ वर्षं शिव्या घातल्या होत्या. आता स्वतःचं मोत्यासारखं अक्षर भिंतीएवढं मोठं झालेलं बघून त्यांची ऑफिसातली मराठी गेली.

“ती वही खोटी आसा, साहेब. मियाच लिवलंय. रोज.”

साहेबांनी माईक बाजूला सारला.

“परब, काय बोलताय कळतंय ना? चार महिने राहिलेत तुमचे.”

“कळता माका. गाडी सव्वासहाची करा, आणि माजा काय करूचा ता करा.”

साहेबांनी लेखी जबाब मागितला. भिकाजींनी लिहिला. शेवटी वेळ घालायची होती. त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे नीट बघितलं, मग ‘४.४७’ असं लिहिलं. साहेबांनी दोन ओळींचा निर्णय दिला: गाडीची वेळ बदलावी, परब यांची चौकशी लावावी.

भिकाजींनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले आणि परत फिरून अक्षयाच्या टेबलाशी हळूच वाकले.

“बाय, माजी परतीची गाडी सुटली काय, ता जरा नकाशात बघ गो.”