एकोणिसाव्या वर्षी सापडलेला दाता

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी गिअरबॉक्सच्या तळातून गिअरचा एक तुटका दाता निघाला.

गॅरेजवाल्या मिस्त्रींची मुलगी बॉक्सच्या कोपऱ्यात साचलेला काळा चिखल स्क्रू ड्रायव्हरने खरवडत होती. दाता टणकन ट्रेमध्ये पडला.

"संपलं, बाबा," ती म्हणाली. "गिअर गेलाय. पन्नास वर्षांपूर्वीची गाडी, हा गिअर आता जगात कुठं मिळायचा? बाईंना काय सांगायचं?"

बाई म्हणजे गाडीच्या मालकीणबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. गिअरबॉक्स घरघरतोय म्हणून त्यांनी गाडी आणून सोडली होती. दुसरी गाडी त्यांना चालवायचीच नव्हती.

स्टुलावर बसलेले मिस्त्री ट्रेकडे वाकले. हात थरथरायला लागल्यापासून ते पान्याला हात लावत नसत, नुसते बघत.

"आधी मोज," ते म्हणाले. "एकेक."

तिने प्रत्येक गिअर फिरवत, दात्यादात्यावर खडूची खूण करत मोजले. मिस्त्री श्वास रोखून होते. पाऊण तास गेला.

"सगळे शाबूत आहेत! बेअरिंग तेवढं झिजलंय, घरघर त्याचीच. पण मग हा दाता कुणाचा?"

मिस्त्री उठले. टेबलावरच्या कागदांवर वजन म्हणून एक मोडका गिअर कायम असायचा. तो त्यांनी आणला आणि त्याच्या एका रिकाम्या खाचेत दाता टेकवला. डबीवर झाकण बसावं तसा बसला. त्यांनी इतका लांब श्वास सोडला की मुलीने दचकून वर पाहिलं.

"हा याच गाडीचा जुना गिअर. एकोणीस वर्षांपूर्वी मी बदलला. दोन दाते तुटले होते, सापडला एकच. संध्याकाळी गाडी द्यायचा शब्द दिला होता. दुसरा शोध शोध शोधला आणि शेवटी तो आतच ठेवून बॉक्स बंद केला."

"बाबा!"

"तेव्हापासून ती गाडी दारावरून गेली की माझा चहाचा कप खाली. कान तिकडे."

"म्हणून दरवर्षी स्वतः जाऊन गिअरबॉक्सचं तेल बदलून देत होता? तेही फुकट? अहो, आईला अजून वाटतं तुमचा बाईंवर जीव आहे!"

"वाटू दे म्हटलं. हे सांगण्यापेक्षा ते सोपं होतं."

हसता हसता मुलगी खालीच बसली. मिस्त्रीही हसले. कितीतरी वर्षांत त्यांच्या खांद्यांना असं हलकं वाटलं नव्हतं.

दुपारी नवं बेअरिंग बसलं. बॉक्स बंद करण्याआधी मुलीने तळात बॅटरी मारली आणि त्यांनाही वाकून बघायला लावलं. मग गिअरचा दांडा हलवून पाहिला: चारही गिअर आणि रिव्हर्स, लोण्यासारखे पडले.

साडेचारला बाईंचा फोन आला. "मिस्त्री, काय निघालं हो आत?"

"बेअरिंग," मिस्त्री म्हणाले. मुलगी कंबरेवर हात ठेवून समोर उभी होती. "आणि... उद्या आल्यावर दाखवतो."

मोडका गिअर पुन्हा कागदांवर आहे. खाचेतला दाता ग्रीसने चिकटवलेला आहे. बाई सकाळी नऊला येणार आहेत.