थोरलीची दहा बोटं

सोमवारी सकाळी साडेअकराला व्हिसा केंद्रातल्या यंत्राने थोरलीच्या बोटांचे ठसे नाकारले.

थोरली ही बाजाररस्त्यावरच्या लाँड्रीवाल्याची मोठी मुलगी. सकाळी दुकानात इस्त्री करायची, संध्याकाळी शिकवणीवर्गात इंग्रजी शिकवायची. परदेशातल्या एका शाळेने तिला इंग्रजीची शिक्षिका म्हणून नेमलं होतं. नेमणूक हातात होती, पदवीवर शिक्के होते, पोलिसांचा दाखलाही मिळाला होता. राहिले होते फक्त ठसे, आणि पडद्यावर तिची बोटं कोरी दिसत होती.

"काम काय करता तुम्ही?" खिडकीमागच्या बाईंनी विचारलं.

"शिकवते."

"खडूने बोटं अशी गुळगुळीत होत नाहीत हो."

मग थोरलीने खरं ते सांगितलं. इस्त्री किती तापली हे ती ओलं बोट तळाला टेकवून बघायची, एक पोळलं की दुसरं. घरात सगळे तसंच बघत. इस्त्रीला तापमानाची चकती होती, पण तिच्यावर विसंबणं बाबांना कमीपणाचं वाटे.

बाई हसल्या नाहीत. "कातडी भरून येते. महिनाअखेरची एक वेळ रिकामी आहे, ती देते. तीही हुकली, तर शाळेची तारीख तुम्हाला गाठता येणार नाही."

दुकानात ही बातमी ऐकून बाबांनी आधी कोटांच्या गठ्ठ्याकडे बघितलं. इस्पितळाच्या डॉक्टरांचे कोट हे दुकानाचं मोठं काम, आणि त्या कोटांच्या कॉलरी थोरलीशिवाय कुणाच्या हातून सरळ होत नसत.

"मी करते की कॉलरी," धाकटी म्हणाली.

"तू? तुझ्या हातून रुमालाची घडी वाकडी होते!"

"मग ठेवून घ्या ताईलाच. म्हातारी होईपर्यंत कॉलरी करील."

बाबांनी थोरलीच्या हातातली इस्त्री काढून धाकटीपुढे ठेवली. एक स्टूल ओढून दाराशी टाकलं. "आजपासून तुझं काम बसायचं. जमेल?"

जमत नव्हतं. घरात आईने भांडी, कपडे, चूल सगळं बंद केलं होतं. ती सकाळ-संध्याकाळ स्वतः मुलीच्या बोटांना मलम चोळायची. "माहेरपणाला आल्यासारखं वाटतंय," थोरली कुरकुरली. "मग घे की करून. पुढे कोण विचारणार आहे?" आई म्हणाली आणि उगाचच जोरात चोळायला लागली. दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक स्टुलाकडे बघून टोमणा मारून जाई: "काय राणीसाहेब, दरबार भरला का?" राणीसाहेब स्टुलावरून हुकूम सोडत: पाणी कमी शिंपड, खांदा आधी घे, टोक ओढू नकोस. धाकटीने एकदा इस्त्री आपटून सांगितलं, "ताई, तू लवकर परदेशी जा बाई!"

ठशांच्या आदल्या दिवशी घोटाळा होता होता राहिला. कोटांचा गठ्ठा निकडीचा होता. धाकटी पाणी आणायला आत गेली. इस्त्री फार तापल्याचा वास आला, तशी थोरली उठली, बोट जिभेला लावलं आणि हात पुढे नेला. विचार असा केलाच नाही तिने. हात आपोआप गेला. बाबांनी टेबलावरून झेप घेतली आणि मधे आपला पंजा घातला. चर्र आवाज झाला.

"बाबा! भाजलं ना!"

"भाजू दे," पंजा झटकत बाबा म्हणाले. "मला कुठे व्हिसा काढायचाय?"

दुसऱ्या दिवशी केंद्रात ते पंजाला पट्टी बांधून आले. थोरलीने काचेवर उजवा हात ठेवला. पडद्यावर रेषा उमटल्या, बारीक, वळणावळणाच्या, एकापाठोपाठ एक. डाव्या करंगळीने थोडे आढेवेढे घेतले. बाईंनी काच पुसली, करंगळी पुन्हा टेकवायला लावली. हिरवा दिवा लागला.

"दहाच्या दहा," बाई म्हणाल्या.

"आहेत! माझ्या पोरीला रेषा आहेत!" बाबा अख्ख्या दालनाला ऐकू जाईल असे ओरडले. पहारेकऱ्याने शांत राहायला सांगितलं. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानात धाकटीने फोनवर ऐकलं आणि हातातला कोट दारात झेंड्यासारखा फडकवला. तो तिने सबंध स्वतः केला होता, आणि परतल्यावर बाबांना त्याच्या कॉलरीत काही खोट काढता आली नाही. त्यांनी दोनदा बघितलं.

त्याच संध्याकाळी शाळेला कळवलं. वर्ग ठरला आहे, वेळापत्रकात तुमचं नाव घातलं आहे, असं शाळेचं उत्तर आलं.

आज दुपारी तीनला केंद्राचा संदेश आला: अर्जावर निर्णय झाला आहे, पासपोर्ट घेऊन जावा. निर्णय काय, ते संदेशात नव्हतं. थोरली आणि बाबा लगेच निघाले. केंद्र पाचला बंद होतं. आता साडेचार होत आले आहेत. थोरलीने दुकानात एकदाच फोन केला: तिचा नंबर लागला आहे, आणि खिडकीमागच्या बाई पाकीट आणायला आत गेल्या आहेत.