आक्काबाईच्या अंगणात उतरलेली काहील

मी एक जुनी काहील आहे. काहील म्हणजे काय, हे तुमच्यापैकी निम्म्यांना ठाऊक नसेल, म्हणून आधी तेवढं सांगून टाकते. उसाचा रस आटवून गूळ करतात ना, ती लोखंडाची, सपाट बुडाची थोरली कढई म्हणजे मी. माझ्यात आठ माणसं मांडी घालून जेवायला बसतील एवढी मी ऐसपैस आहे. आणि मित्रांनो, अशी ही मी सहा वर्षं चक्क पाण्यावर होडी म्हणून तरंगले! हसताय ना? हसा खुशाल. पहिल्यांदा मलाही माझं हसूच आलं होतं.

माझा जन्म शेवगावच्या एका लोहारकामाच्या दुकानात झाला. तिथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने लोखंडाचे जाड पत्रे एकावर एक चढवले आणि रिबिटी, म्हणजे बिनटोकाचे जाड खिळे, ठोकून मला घडवलं. चार बाजूंना चार कड्या लावल्या. नंतर आबासाहेबांच्या गुऱ्हाळावर मी चुलाणावर जाऊन बसले ती वीस वर्षं तिथेच. खाली आग, पोटात उकळता रस आणि वर गोड वाफ. तो वास आजही आठवला की जीव कासावीस होतो. माझ्या पोटाखाली चिपाडं सारायचं काम भीमराज करायचा. आग कधी वाढवायची नि कधी मारायची, हे त्याच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. लोक गूळ चाखून गुळव्याची वाहवा करायचे. क्वचित कुणी माझंही नाव घ्यायचं. भीमराजचं मात्र कुणीच घेत नव्हतं, तेव्हा मला त्याचं वाईट वाटायचं.

मग सगळा ऊस साखर कारखान्याकडे जाऊ लागला आणि गुऱ्हाळ बंद पडलं. मला पालथी टाकली. तीन पावसाळे मी तशीच पडून होते. कोंबड्या माझ्याखाली अंडी घालायच्या. एका कोंबडीचा तर मला इतका लळा लागला होता! पण खरं सांगते, वीस वर्षं राबलेल्याला नुसतं पडून राहणं फार जड जातं. शेवटी आबासाहेबच भीमराजला म्हणाले, "भंगारात घालण्यापरीस तू ने बाबा. तूच तिला तापवलीस."

भीमराजची वस्ती नाथसागराच्या काठावर होती. त्याचं मूळ गाव वीस वर्षांपूर्वी धरणाच्या त्या पाण्यात गेलं होतं. त्या गावाला लागून एक टेकडी होती. तिचा वरचा भाग तेवढा पाण्याबाहेर राहिला आणि त्याचं बेट झालं. थंडी पडली की त्या बेटाभोवती कुठून कुठून हजारो पाखरं उतरायची. भीमराज थर्माकोलच्या ठोकळ्यावर बसून, एकच वल्हं हाणत मासे धरायला जायचा. १९९३ सालच्या थंडीत शेवगावच्या शाळेतले आप्पासाहेब गुरुजी गळ्यात दुर्बीण अडकवून काठावर आले आणि म्हणाले, "बेटापर्यंत कुणी नेईल का हो?"

थर्माकोलवर गुरुजींना बसवायचं म्हणजे गुरुजींना पाण्यात सोडण्यासारखंच! भीमराज डोकं खाजवत उभा राहिला. तेव्हा त्याची बायको लंकाबाई मागून म्हणाली, "काहील हाय की! पुराच्या टायमाला बाळंतिणीला काहिलीतनं न्हेत्यात, मग गुरुजींस्नी न्यायला काय हुतंय?"

झालं! माझं नशीब फिरलं. मला घडवणाऱ्या मिस्त्रीचा मुलगा कादर येऊन मला चहूबाजूंनी ठोकून गेला. जाता जाता तो हळूच म्हणाला, "भीमराजभाऊ, हिच्या रिबिटी कवाच ढिल्या झाल्यात. वीस वर्सांचा गूळ करपून सांध्यात बसलाय, त्याच्यावरच ही टिकून हाय. ही काळी खरपुडी कुनाला काढू देऊ नका." भीमराजने मान डोलावली. पण ही गोष्ट घरात सांगायची तो विसरला, आणि पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

जन्मभर आगीवर बसलेली मी, त्या दिवशी पहिल्यांदा पाण्यावर बसले. काय सांगू मित्रांनो! खाली गार, वर आभाळ आणि चहूकडे पाणीच पाणी. एवढं पाणी जगात असतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी इतकी बावरले की गरगर फिरायलाच लागले. गोल घेराची जातच ती! मग भीमराज थर्माकोलवर पुढे आणि त्याच्या कमरेला बांधलेल्या दोराने मी मागे, अशी आमची वरात निघाली. लंकाबाई माझ्यात उभी राहून बांबूने मला सावरायची. माझ्या काठाला ट्रॅक्टरच्या फुगवलेल्या ट्यूबा बांधल्या होत्या. सहाच्या वर माणूस घ्यायचं नाही, हा लंकाबाईचा नियम. एकदा एक जाडजूड पाहुणा सातवा म्हणून चढू लागला, तर तिने त्याला बांबू दाखवला. काठावर तिने पाटी लावून घेतली, "पक्षी दाखवण्याची होडी. होडी गोल फिरते, भिऊ नये." आणि लोक येऊ लागले! मान न वळवता चारी दिशा दिसतात, असं म्हणून मुलं टाळ्या पिटायची.

पण घरातलं एक माणूस कधी काठावरही आलं नाही. ती म्हणजे भीमराजची आई, आक्काबाई. "त्या पान्यानं माजं गाव गिळलं," ती म्हणायची, "जित्ती हाय तवर त्यात पाय ठिवनार न्हाई." तिचा नवरा रंभाजी कधीच वारला होता. त्या दोघांनी छप्पन सालच्या दीक्षेनंतर टेकडीच्या उतारावर पिंपळाचं एक रोप लावलं होतं. आक्काबाई अंगणातून पायवाटेने वर जाऊन रोज त्याला घागरभर पाणी घालायची. पाण्यात घर गेलं, अंगण गेलं, पण तिच्या मनात ते झाड अडकून राहिलं. "झाड हाय गं आये, चांगलं थोरलं झालंय," असं भीमराज सांगायचा. तिला ते पटायचं नाही. आपलं मन राखायला लेक खोटं बोलतो, असंच तिला वाटायचं.

एके दिवशी आप्पासाहेब गुरुजी बेटावरून परतले आणि ओट्यावर चहा पिता पिता सहज म्हणाले, "त्या पिंपळाच्या बुंध्यात एक गंमत आहे. मुळांनी जात्याची फुटकी तळी घट्ट धरून ठेवली आहे. कुणी ठेवली असेल तिथे?"

आक्काबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. शेरडांनी रोप खाऊ नये म्हणून स्वतःच्या फुटक्या जात्याची तळी तिनेच तिथे आडवी लावली होती. हे रंभाजीखेरीज कुणालाच माहीत नव्हतं, अगदी भीमराजलाही नाही. तिने सूप उचलून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "भीमराज, परवा मला ने. पर माजा पाय पान्याला लागता कामा नये."

आता लंकाबाईची काय धांदल उडाली म्हणता! सासूबाई पहिल्यांदा होडीत बसणार, आणि होडी ही अशी काळी ढुस्स? दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती राख, विटकरीचा भुगा आणि चिंच घेऊन माझ्यात उतरली. घासघास घासलं. खरपुडी निघेना तेव्हा विळ्याच्या टोकाने सांध्यातून उकरून काढली. भीमराज मासे विकायला शेवगावला गेलेला. आणि मी काय करत होते? मी खूश होत होते! वीस वर्षांत मला कुणी एवढं प्रेमाने घासलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी अशी लखलखले की चार बाया मला बघायला आल्या. अंगावर मूठभर मांस चढलं म्हणतात, तसं झालं मला. कादरचे शब्द मी स्वतः ऐकले होते, तरी फुशारकीत विसरले. हे मी कबूल करते.

तिसऱ्या दिवशी सकाळी भीमराज आणि लंकाबाईने आक्काबाईला पाटावर बसवून, पाटासकट उचलून माझ्यात ठेवलं. आईचा पाय भिजू नये या धांदलीत भीमराजचं माझ्याकडे लक्षच गेलं नाही. गुरुजीही बरोबर निघाले. आक्काबाई पदर डोक्यावरून घेऊन, पाय पोटाशी धरून, डोळे मिटून बसली. कोवळं ऊन होतं. वाऱ्याचं नाव नव्हतं. आम्ही निम्म्याहून पुढे गेलो असू, तेवढ्यात माझ्या बुडाला एक गार टाचणी टोचली. मग दुसरी. मग दहा.

"अगंबाई, पानी!" लंकाबाई ओरडली. रिबिटी ठिबकत नव्हत्या, मित्रांनो, त्या चक्क वाहत होत्या. लंकाबाईने घागर उचलून पाणी उपसायला सुरुवात केली. गुरुजींना पोहता येत नव्हतं, ते दुर्बीण दोन्ही हातांनी छातीशी धरून बसले. भीमराजने मागे वळून माझं चकचकीत अंग आता कुठे नीट पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. "खरपुडी काढलीस?" एवढंच तो म्हणाला. लंकाबाई रडायला लागली, पण हात थांबवले नाहीत. ट्यूबा होत्या, तरी मी कलत होते. म्हातारी आई, न पोहणारे गुरुजी, दोर एक आणि भीमराज एकटा. कुणाला धरणार तो? मी उभ्या आयुष्यात इतकी भ्याले नव्हते. उकळत्या रसाला भ्याले नाही, ती मी गार पाण्याला भ्याले.

पाणी पाटाला लागलं तशी आक्काबाईने डोळे उघडले. मी आपली गरगर फिरतच होते, त्यामुळे बेट तिच्या समोरून गेलं, काठ गेला, पुन्हा बेट आलं. दुसऱ्या फेरीला तिने हात वर केला.

"थांब! टेकडीवरची ती दोन टेपाडं दिसत्यात ना, त्यांच्या मधून दिवस उगवायचा तो माज्या दारातनं समूर दिसायचा. भीमराज, डावीकडं वड. आनखी. आनखी थोडं. हां, आता बांबू घाल खाली."

लंकाबाईने बांबू खाली घातला. तो कंबरेएवढाच बुडाला आणि खाली ठक्क वाजलं.

 गावकुसाबाहेरची त्यांची वस्ती टेकडीच्या पायथ्याच्या उंचवट्यावर होती, आणि आम्ही बरोबर तिच्या माथ्यावर आलो होतो. आक्काबाई पाटावरून उठली. लंकाबाई घाबरून म्हणाली, "आत्याबाई, पान्यात पाय..."

"पान्यात कुठं?" आक्काबाई म्हणाली. "माज्या अंगनात पाय ठिवतीया."

आणि ती उतरली. भीमराजने धरलं, पण तिला धरायची गरज नव्हती. वीस वर्षांनी तिचे पाय खाली लागले आणि ती जागच्या जागी उभी राहिली. मग पायांनीच चाचपून म्हणाली, "हा उंबरा. ही पायवाट. माज्या मागनं या, हिकडं तिकडं हलू नका." पुढे आक्काबाई, मागे लंकाबाई, तिच्या मागे दुर्बीण डोक्यावर धरलेले गुरुजी आणि शेवटी दोर ओढत भीमराज. माणसं उतरल्यावर मी हलकी झाले होते. मीही त्यांच्यामागून, पहिल्यांदाच गोल न फिरता, निमूट चालले. पाणी कंबरेचं गुडघ्यावर आलं, गुडघ्याचं घोट्यावर आलं.

तेवढ्यात पाखरं उठली. लांब मानेची, लांब पायांची. गुरुजी त्यांना रोहित म्हणतात. बसलेली असताना पांढरी दिसणारी ती पाखरं पंख उघडताच लालगुलाबी झाली. एक नाही, दोन नाही, हजारो! आभाळ झाकून गेलं. त्यांच्या पंखांचा वारा माझ्या लोखंडाला लागला. चार माणसं घोटाभर पाण्यात माना वर करून उभी राहिली. गुरुजी दुर्बीण लावायचंही विसरले. मी आगीचे लोळ पाहिले आहेत, उसळता रस पाहिला आहे, पण मित्रांनो, तसलं मी कधी पाहिलं नाही.

पिंपळ होता. चांगला दोघांच्या कवेत न मावणारा. आक्काबाईने खाली बसून मुळांत अडकलेल्या तळीवरून हात फिरवला. मग लंकाबाईच्या हातातली घागर घेतली, धरणाच्या त्याच पाण्यात बुडवली आणि बुंध्याशी ओतली. "मी पानी घालाया आले न्हाई," ती झाडाला म्हणाली, "तर पानीच चालत आलं व्हय रं तुज्याकडं?" आणि मग ती रडली, अगदी मोकळेपणी. आम्ही सगळेच रडलो. माझ्यात साचलेलं पाणी तेव्हा टपटप गळत होतं, त्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा.

भीमराज थर्माकोलवरून जाऊन कादरला घेऊन आला. कादरने मला पाहून आधी कपाळावर हात मारला. मग डांबर आणि काथ्या ठासून सांधे बुजवले, आणि दुपारी आम्ही सुखरूप परतलो. लंकाबाईने काठावर आल्या आल्या सासूचे पाय धरले. आक्काबाई म्हणाली, "रडतीस कशापायी? तू घासली नसतीस तर मी वरच्यावर बसून गेले असते आन् वरच्यावरच आले असते."

त्यानंतर प्रत्येक फेरीला आक्काबाई माझ्यात असायचीच. हात करून सांगायची, "ही खाली चावडी. हितं हिर. आता हळू बोला, आपन आमच्या घरावरनं चाललोय." मग दंगा करणारी माणसंही गप्प व्हायची आणि वाकून पाण्यात बघायची. खाली काही दिसायचं नाही, तरी बघायची. पाखरांपेक्षा आक्काबाईच्या गावासाठीच पुढे पुढे लोक येऊ लागले.

आता भीमराजने फायबरची होडी आणली आहे. ती सरळ जाते. मी काठावर पालथी असते आणि पुन्हा कोंबड्या माझ्याखाली येतात. लंकाबाई अजून मला पुसते, पण सांध्यापाशी आली की तिचा हात आपोआप थांबतो. मित्रांनो, जुन्या वस्तू टाकून देऊ नका, हे तर तुम्हाला सगळेच सांगतात. मी थोडं निराळं सांगते. त्यांना घासण्यापूर्वी, त्यांच्यावर राबलेल्या माणसाला विचारा की हे काळं कशाचं आहे. आणि ज्याला ठाऊक असेल, त्याने ते घरात सांगायला विसरू नये.

आणि कधी नाथसागरावर आलात, तर टेकडीची दोन टेपाडं समोर दिसू लागली की होडीतच पायातल्या चपला काढा. आक्काबाई अजून पुढच्या फळीवर बसलेली असते. तिच्या अंगणात चपला घालून आलेलं तिला मुळीच खपत नाही.