अधिक चाळीस

“कंस सुरू,” ताई म्हणाली. “एक्स अधिक सात. कंस पूर्ण. लिहिलंस?”

“लिहिलं.”

“मग दुसरा कंस. एक्स वजा दोन. आणि पेन इतकं दाबू नकोस, कागदाला लागतंय.”

टिचकीने पेन जरा सैल धरलं. ताई खिडकीकडे तोंड करून बसली होती, पण बघत कुठेच नव्हती. तिचा सगळा जीव कानात होता. टिचकीने शून्य काढलं की एक, हे तिला नुसत्या आवाजावरून कळायचं. शून्य काढताना पेन फिरून घरी येतं आणि एक काढताना निघून जातं, असं ती म्हणायची.

गेल्या वर्षी दहावीच्या ऐन तोंडावर ताईला ताप आला आणि तो डोक्यात गेला. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा खिडकी कुठे आणि भिंत कुठे, एवढंच कळण्यापुरता उजेड तिच्या डोळ्यांत उरला होता. वर्ष बुडालं. यंदा ती परीक्षेला बसणार होती आणि तिचे पेपर लिहायला लेखनिक म्हणून धाकट्या बहिणीला, टिचकीला, परवानगी मिळाली होती. नियम दोनच होते. लेखनिक खालच्या वर्गातला हवा. टिचकी नववीत होती, तेव्हा ते बसत होतं. आणि लेखनिकाने सांगितलं तेवढंच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही.

“म्हणजे मी टाइपरायटर,” टिचकी तेव्हा म्हणाली होती.

“टाइपरायटर बरा. तो मधेच शेंगदाणे खात नाही.”

त्या दिवशी घरात बऱ्याच दिवसांनी सगळे एकदम हसले होते.

बाबा घरं रंगवायची कामं करायचे. त्यांनी प्लायवूडच्या तुकड्यांवर पुट्टीच्या बारीक रेघा ओढून त्रिकोण, वर्तुळं, स्पर्शिका काढून दिल्या होत्या. वाळलेल्या रेघांवरून ताई बोटं फिरवायची आणि म्हणायची, “बाबा, हा काटकोन नाहीये. थोडा आळशी झालाय.” बाबा तुकडा परत न्यायचे, रेघ खरवडून काढायचे आणि नवी ओढायचे. भिंती रंगवताना त्यांनी कुणाचं एवढं ऐकून घेतलं नसतं.

आई बेकरीत पाव बांधायला जायची. दुपारी परतली की तिच्या भुवयांवर पीठ असायचं. पदर खोचून ती आधी या दोघींच्या टेबलाशी यायची, कागदावर नजर टाकायची आणि म्हणायची, “छान.” तिची शाळा लहानपणीच सुटली होती. कागदावरचं तिला काही कळायचं नाही, पण म्हणताना आवाज असा की सगळं तपासूनच म्हणते आहे.

टिचकीला गणित कधीच आवडलं नव्हतं. पण पाण्यात उभं राहून राहून अंग भिजतंच. महिनोन् महिने दहावीचं गणित लिहून तिला ते यायला लागलं. आधी थोडं, मग बरंच. आणि ते यायला लागलं तसं तिला दुसरंही काही दिसायला लागलं.

पहिल्यांदा वाटलं, आपलंच काही चुकत असेल. ताई चुकणार नाही. ताई म्हणजे शाळेत गणिताचे सरसुद्धा फळ्यावर अडले की जिच्याकडे वळून बघायचे ती. म्हणून टिचकीने पुस्तकाच्या मागची उत्तरं काढून पाहिली. जुळत नव्हती. रोजच असं व्हायचं असंही नाही. एखाद्या दिवशी ताई भराभर सांगत सुटायची आणि पेन मागे पडायचं. एखाद्या दिवशी मात्र एका ओळीतलं ‘वजा’ पुढच्या ओळीत ‘अधिक’ होऊन यायचं. पिशवीतून जिन्नस गळावा आणि वाहणाऱ्याला पत्ता नसावा, तसं. ताईचा आवाज कुठे अडखळायचा नाही. म्हणून तर टिचकीला ते ऐकवत नसे.

“बरोबर आलं ना?” ताई विचारायची.

टिचकी पहिल्यांदा “हो” म्हणाली तेव्हा तिचे कान तापले. नंतर नंतर तेही होईनासं झालं.

रविवारी सर घरी येऊन सोडवलेले पेपर तपासायचे. एका रविवारी टिचकी मुद्दाम त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली. सरांचं लाल पेन एका चुकलेल्या गणितापाशी थांबलं, वर खाली झालं, आणि मग त्यांनी तिथे बरोबरची खूण केली. पुढच्या चुकलेल्यावरही केली.

“उत्तम,” सर म्हणाले. ताईचा चेहरा खुलला.

निघताना दारात चपला घालत सरांनी टिचकीकडे पाहिलं. तिला कळलंय हे त्यांना कळलं असावं.

“पोरीने फार सोसलंय,” ते हळू म्हणाले. मग काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, “तुझं अक्षर चांगलं आहे हो.”

गणिताच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी आईने टिचकीला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं. बोलावलं खरं, पण पाठ फिरवून ओटा पुसत राहिली.

“तुला येतं ना गं आता हे सगळं?”

“थोडं थोडं.”

“सर म्हणत होते, बरंच येतं.” आईने फडका पिळला, परत ओला केला, परत पिळला. “पेन तुझ्या हातात असणार. एवढंच म्हणते मी.”

“आई, नियम आहे.”

“नियम करणाऱ्यांच्या पोरी धडधाकट असतील,” आई म्हणाली. आणि लगेच, “दूध उतू जातंय का बघ गं,” म्हणाली. गॅसवर दूध नव्हतंच.

ताईसाठी वेगळी खोली दिली होती. प्रयोगशाळा होती ती. उंच स्टुलं, कडेने बेसिनं, एक नळ टिपटिपत होता. पर्यवेक्षिका म्हणून आलेल्या बाई दोघींपासून थोड्या अंतरावर बसल्या. त्यांनी ताईच्या डोक्यावरून हात फिरवला, टिचकीला नियम वाचून दाखवला आणि विणकाम काढलं.

सुरुवात चांगली झाली. टिचकीने प्रश्न वाचायचा, ताईने डोळे मिटायचे आणि सांगायला लागायचं. भूमितीचा प्रश्न आला तेव्हा ती बोटाने हवेत रेघ ओढत सांगत गेली आणि सगळं बरोबर आलं. टिचकीला वाटलं, आज चांगला दिवस आहे. आज निभावेल.

मग मोठ्या गुणांचं गणित आलं. एका आयताची लांबी रुंदीपेक्षा तीनने जास्त आहे आणि क्षेत्रफळ चाळीस. तर रुंदी काढा.

“रुंदी एक्स मानू,” ताई म्हणाली. “मग लांबी एक्स अधिक तीन. गुणाकार चाळीस. पुढच्या ओळीत, एक्सचा वर्ग, अधिक तीन एक्स, अधिक चाळीस, बरोबर शून्य.”

टिचकीचं पेन ‘तीन एक्स’पाशी थांबलं. चाळीस पलीकडून अलीकडे आणले, म्हणजे वजा व्हायला हवे. त्यात काही अवघड नव्हतं. असल्या शेकडो ओळी दोघींनी केल्या होत्या. इथे अधिक लिहिलं की पुढचं सगळं गणित अडणार होतं. बाईंच्या सुया लयीत चालल्या होत्या. टिचकीने एक आडवी रेघ ओढली आणि पुढे चाळीस लिहिले.

ताईची मान पेनाच्या आवाजाकडे वळली.

“वाच,” ती म्हणाली.

“सगळं?”

“शेवटची ओळ.”

टिचकीला खोटं वाचता आलं असतं. तिने तोंड उघडलंही, पण ताईचा चेहरा इतक्या जवळ होता की ते बाहेर पडेना. “एक्सचा वर्ग अधिक तीन एक्स वजा चाळीस बरोबर शून्य,” तिने वाचलं.

ऐकता ऐकता ताईच्या भुवया वर गेल्या. तिला कळलं. वजाच बरोबर आहे हे तिला त्या क्षणी कळलं आणि टिचकीने ते तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट पाहिलं. आता पुढचे अवयव ती झोपेतही पाडू शकली असती.

“मी काय म्हणाले होते?”

“अधिक.”

“एकच रेघ ऐकू आली मला,” ताई हळू म्हणाली. “खोड.”

“ताई, अगं…”

“खोड. मी म्हणाले ते लिही.”

बाईंच्या सुया थांबल्या. “काही अडचण आहे का गं मुलींनो?”

“नाही बाई,” ताई म्हणाली. “माझं सांगायचं चुकलं.”

टिचकीने ओळ खोडली आणि खाली अधिक चाळीस लिहिले. अक्षर वेडंवाकडं आलं. ताईने ते गणित तिथेच सोडलं आणि पुढचा प्रश्न वाचायला सांगितलं. त्यानंतर तिचा आवाज जरा बारीक झाला होता. आणखी दोन ठिकाणी चिन्ह गळलं. टिचकीने दोन्ही ठिकाणी ऐकलं तसं लिहिलं.

निकाल लागला तेव्हा ताई बाकी सगळ्या विषयांत पास होती. गणितात नापास झाली होती. थोडक्यात, पण नापास.

बाबांनी निकाल दोनदा वाचला आणि ते मागच्या अंगणात जाऊन ब्रश धूत बसले. ब्रश धुतलेलेच होते. आई बेकरीतून आली, तिने ऐकलं आणि पीठ न झटकता ताटं घेतली. जेवताना कुणी कुणाकडे पाहिलं नाही. शेवटी आईने टिचकीच्या ताटात भात वाढला आणि वाढता वाढता डाव हवेतच धरून ठेवला.

“एवढं एक गणित तुला लिहिता आलं नसतं का गं?”

टिचकीचा घास तोंडातच राहिला.

“तिने लिहिलं होतं, आई,” ताई म्हणाली. “बरोबर लिहिलं होतं. मी खोडायला लावलं.”

आई तिच्याकडे बघत राहिली. बाबा दारात येऊन उभे राहिले.

“का?” आईने विचारलं. तिला रागवायचं होतं, पण आवाज साथ देईना.

ताई भातात बोट फिरवत राहिली.

“मी आजारी पडल्यापासून घरात माझं काही चुकतच नाही,” ती म्हणाली. “तू छान म्हणतेस. सर उत्तम म्हणतात. ही हो म्हणते. मला आतून कळायचं, कुठेतरी काहीतरी गळतंय. पण कुठे, किती, ते मी कसं बघू? मला दिसत नाही, आई. तुम्ही सांगाल तेवढंच मला दिसतं.”

आईने डाव खाली ठेवला.

“परीक्षेवाले तरी खरं सांगतील म्हटलं,” ताई म्हणाली. “सांगितलं त्यांनी.”

बाबा दारातून हलले, आत आले आणि ताईच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. आई उठून आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला.

शाळा सुरू झाली. टिचकी दहावीत गेली, म्हणजे आता तिला ताईचा पेपर लिहिता येणार नव्हता. ताईला पुन्हा गणिताला बसायचं होतं. परीक्षेच्या वेळी शाळा दुसरं कुणीतरी शोधून देणार होती. सरावाचं काय, तो विषय कुणी काढला नव्हता.

एका दुपारी टिचकी टेबलाशी आपला अभ्यास करत बसली होती. आई कामावरून आली, तिने हात धुतले, भुवयांवरचं पीठ पुसलं आणि ताईशेजारी खुर्ची ओढून बसली.

“सांग,” ती म्हणाली. “मी लिहिते.”

“तू?” ताई हसली. “तुला येतं?”

“काही येत नाही. मग बरंच आहे की.”

आईने पेन धरलं ते सुरी धरावी तसं. टिचकीने तिला पुस्तकातला प्रश्न वाचून दाखवला. पाच एक्स वजा नऊ बरोबर दोन एक्स अधिक सहा. एक्सची किंमत काढा. आईने ते मोठ्या, गोल अंकांत उतरवून घेतलं. त्यात तिला इतका वेळ लागला की ताई टेबलावर बोटं वाजवत बसली.

“झालं,” आई म्हणाली.

“आता पुढची ओळ. पाच एक्स, वजा दोन एक्स, बरोबर सहा वजा नऊ.”

आईने लिहिलं. ओळ पुरी करून तिने मान वर केली. ‘छान’ ओठांपर्यंत आलेलं दिसलं; तिने ओठ मिटून घेतले. मग टिचकीकडे पाहिलं.

टिचकीने आपलं पुस्तक मिटलं.

“चुकलं, ताई,” ती म्हणाली.

ताईने मान तिच्या दिशेला वळवली. क्षणभर तिचा चेहरा उघडा पडल्यासारखा झाला.

“कुठे?”

“सहाच्या पुढे.”

“थांब. सांगू नकोस.” ताईने डोळे मिटले. ओठ हलत होते. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. “पाच एक्स,” ती सावकाश म्हणाली, “वजा दोन एक्स. बरोबर. सहा.” आणि थांबली. इतका वेळ थांबली की आईने पेन कागदावरून उचललं.

“वजा नऊ,” ताई म्हणाली.

आईने ते लिहिलं आणि वरची ओळ पाहिली. तिला गणित येत नव्हतं, पण दोन ओळी एकसारख्या आहेत एवढं तिला दिसत होतं. तिने पेन खाली ठेवलं, ताईचा हात आपल्या हातात घेतला.

“परत तेच आलं, बाळा,” ती म्हणाली.

ताईने मान हलवली. तिने आईचा हात सोडवून घेतला, पेन चाचपून शोधलं, पुन्हा आईच्या बोटांत दिलं आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.